उडी एकीची, सांगणं सगळ्यांचं

चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, शिलाई मशीनवर असाल, रेडिओ जरा जवळ ओढा. आम्ही तुमच्या बचत गटांच्या समन्वयक. आज नेहमीचे विषय बाजूला ठेवणार आहोत. कर्ज नाही, शेळ्या नाहीत, पापड-कुरडया नाहीत. आज गोष्ट आहे आकाशातली. ती शेवटी आपल्या गटाच्या वहीपाशी येते, पण तिथवर सावकाश जाऊ.

झालं असं. एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होईपर्यंत कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ लावला. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन नऊवारी नेसून विमानातून उडी मारतात, तो. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये, पट्टायाला, त्यांनी ही उडी मारली. १३,००० फुटांवरून. आपलं कळसूबाई शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाई एकावर एक ठेवले तर जेवढी उंची होईल, तेवढ्या उंचीवरून. २००४ मध्ये याच बाईंनी उत्तर ध्रुवावर उडी मारली होती, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

व्हिडिओ बघून सगळ्याजणी बोलायला लागल्या. एक म्हणाली, "अगं, निऱ्या कशा जागेवर राहिल्या?" दुसरी म्हणाली, "मला तर माळ्यावर चढायची भीती वाटते." आणि भिंतीला टेकून बसलेल्या आजींनी विचारलं, "बाय, ती अशी खाली येतीया, आणि मधनंच दुसरं इमान आलं तर? त्या इमानवाल्याला कोण सांगतं?"

सगळ्या गप्प झाल्या. आम्हीही गप्प झालो, कारण उत्तर आम्हाला माहीत नव्हतं. बी.ए. झालंय म्हणून सगळं येतं असं नाही. आजींना म्हटलं, शोधून सांगतो. तेच आज सांगतोय. आजी, ऐकताय ना?

आधी एक समजून घेऊ. आकाश आपल्याला मोकळं दिसतं, पण ते मोकळं नसतं. शेतात जसे बांध असतात, गाडीवाट असते, पाण्याची पाळी असते, तसे आकाशातही रस्ते आणि हद्दी ठरलेल्या असतात. कुठलं विमान कुठल्या उंचीवर, कुठल्या दिशेनं जाईल, हे जमिनीवर बसलेली माणसं सांगतात. त्यांना हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. कानाला हेडफोन, पुढ्यात रडारचा पडदा, आणि पडद्यावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक विमान, आणि त्यात बसलेली सगळी माणसं. हे काम बायकाही करतात. आपल्या देशात त्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग केलेलं लागतं. तुमची लेक गणितात हुशार असेल, तर अकरावीला गणित सोडायला लावू नका, एवढं जाता जाता सांगून ठेवतो.

आता उडीचं बघू. १३,००० फुटांवरून माणूस सुटला की छत्री, म्हणजे पॅराशूट, लगेच उघडत नाही. साधारण ५,००० फुटांपर्यंत तो दगडासारखा खाली येतो. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग, आणि वेळ लागतो पाऊण मिनिट. छत्री उघडल्यावर पुढची पाच-सात मिनिटं तरंगत येतो. या सगळ्या वेळात त्याला बाजूला पळता येत नाही. विमानात आपला नंबर सांगणारं यंत्र असतं, माणसाच्या अंगावर तसलं काही नसतं, म्हणून पडद्यावर तो विमानासारखा ओळखूही येत नाही. आणि समोरून येणारं मोठं विमान, उतरण्यासाठी वेग कमी केलेला असला तरी, मिनिटाला सात किलोमीटरच्या वर जातं. वैमानिकानं ठिपक्याएवढा माणूस बघायचा आणि विमान वळवायचं, एवढा वेळ मिळतच नाही.

म्हणजे आजींचा प्रश्न अगदी खरा होता. बघून टाळता येत नाही. मग टाळायचं कसं? आधी सांगून.

म्हणूनच जगभरच्या देशांनी मिळून मान्य केलेला नियम आहे. जीव वाचवायला मारावी लागलेली उडी सोडली, तर कुठलीही पॅराशूटची उडी त्या देशाच्या अधिकाऱ्यांच्या अटींप्रमाणं आणि हवाई नियंत्रकाशी बोलूनच मारायची. आपल्या देशात परवानग्यांचं काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडं, म्हणजे डीजीसीएकडं आहे. बहुतेक विमानतळांवर नियंत्रक असतात ते विमानतळ प्राधिकरणाचे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तिथलं आकाश हवाई दल सांभाळतं. म्हणजे उडी मारायची असेल तर आधी विचारायचं, हे आकाश कुणाच्या ताब्यात आहे? जशी आपण पाण्याची मोटर लावायच्या आधी पाळी कुणाची ते विचारतो, तसंच.

अमेरिकेत अशा उड्या फार होतात, म्हणून तिथले नियम अगदी बारकाईनं लिहिलेले आहेत. ते आम्ही समजून घेतले. ऐका.

पहिलं काम जमिनीवरच. गजबजलेल्या विमानतळांच्या आसपासच्या आकाशात उडी मारायची असेल तर नियंत्रकाची परवानगी लागते. कमी गर्दीच्या ठिकाणी निदान कळवावं तरी लागतं, आणि तेही वेळेत. चोवीस तासांपेक्षा आधी नाही, आणि एक तासापेक्षा उशिरा नाही. फार आधी सांगितलं तर माणूस विसरतो, फार उशिरा सांगितलं तर त्याला काही करता येत नाही. काय कळवायचं तेही ठरलेलं आहे. तारीख, वेळ, उडीची जागा, तिच्या भोवतीचा घेर, किती उंचीवरून, किती वेळ चालणार, विमानाचा नंबर कोणता, आणि जबाबदार माणूस कोण. मग इतर वैमानिकांसाठी सूचना निघते. तिला नोटाम म्हणतात. ही आकाशातली दवंडी समजा. "ऐका हो ऐका, अमुक ठिकाणी, अमुक वेळेला वरून माणसं उतरणार आहेत."

दुसरं काम वर गेल्यावर. उडीच्या निदान पाच मिनिटं आधी वैमानिकाचं नियंत्रकाशी रेडिओवर बोलणं झालेलं असलं पाहिजे. खाली, आजूबाजूला कोण आहे ते त्यानं ऐकून घ्यायचं. नियंत्रकानं जवळून जाणाऱ्या विमानांना सावध करायचं. हे बोलणं झालं की मगच दाराशी उभ्या असलेल्यांना खूण. शेवटचा माणूस विमानातून बाहेर पडला की वैमानिकानं परत कळवायचं, "सगळे बाहेर पडले." आणि या सगळ्यात रेडिओ बंद पडला तर? तर उडी रद्द. पैसे भरलेले असोत, पाहुणे जमलेले असोत, कॅमेरा लावलेला असो. बोलणं तुटलं की काम थांबलं.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. नियंत्रकानं उंची सांगितली, की वैमानिकानं नुसतं "हो" म्हणायचं नाही. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. नियंत्रक ते कान देऊन ऐकतो. चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करतो. आकडे सुटे सुटे म्हणायचे. इंग्रजीत तेरा हजार म्हणायचं तर 'थर्टीन' म्हणत नाहीत, 'वन थ्री थाउजंड' म्हणतात, कारण थर्टीन आणि थर्टी कानाला सारखेच वाटतात. आपल्याकडं तर विचारूच नका. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, यांत आपण मराठी बोलणाऱ्याही घोटाळतो.

आणि चौथी गोष्ट. ढगातून उडी मारायची नाही. खाली काय आहे ते दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर उडी नाही.

हे सगळं ऐकून वाटेल, किती ही कटकट! एका उडीसाठी एवढं? आता ही कटकट नीट झाली नाही तेव्हा काय झालं, ते सांगतो. गोष्ट दुःखाची आहे, पण खरी आहे.

१९६७ चा ऑगस्ट महिना, २७ तारीख. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ऑर्टनर फील्ड नावाची छोटी धावपट्टी आहे. तिच्या उत्तरेला ईरी नावाचं प्रचंड मोठं सरोवर, समुद्रासारखं, पलीकडचा काठ दिसत नाही असं. त्या दिवशी जुन्या लष्करी विमानातून उडी मारणारी माणसं वर गेली. उंची साधारण २०,००० फूट. हौसेनं, आनंदानं गेलेली माणसं. खाली ढगांचा थर पसरलेला होता. जमीन दिसत नव्हती.

वैमानिकानं नियंत्रकाला विचारलं, आम्ही कुठं आहोत? नियंत्रकानं पडद्यावरचा ठिपका बघून सांगितलं, धावपट्टीजवळ आहात. पण तो ठिपका त्यांचा नव्हता. उडीचे फोटो काढायला दुसरं एक छोटं विमान वर गेलं होतं, त्याचा होता. नियंत्रकानं एका विमानाला दुसरं समजलं. १८ जणांनी उडी मारली. ढगांतून खाली आले, तर खाली धावपट्टी नव्हती. सरोवर होतं. काठापासून काही मैल आत. अंगावर जाड कपडे, पायांत बूट, पाठीवर पॅराशूटचं ओझं. होडीवाल्यांनी दोघांना वाचवलं. १६ जण बुडाले.

पुढं सरकारी चौकशी झाली. चूक एकाच माणसाची निघाली नाही. नियंत्रकानं ठिपका ओळखण्यात चूक केली होती. पण खाली ढग असताना, जमीन दिसत नसताना, नियम मोडून उडी मारली गेली, हेही तेवढंच खरं निघालं. म्हणजे एकानं चुकीचं सांगितलं, आणि दुसऱ्यांनी स्वतः न बघता मानलं. यातली एक चूक जरी टळली असती, तरी ती माणसं संध्याकाळी घरी गेली असती.

आता ठिपका ओळखायची पद्धत फार सुधारली आहे. नियंत्रक विमानाला चार आकडी नंबर देतो, तो विमानातल्या यंत्रात भरायचा, की पडद्यावर ठिपक्याशेजारी तो नंबर दिसतो. तरी शंका आली तर नियंत्रक वैमानिकाला एक बटण दाबायला सांगतो, आणि पडद्यावर त्याच विमानाची खूण वेगळी उठून दिसते. म्हणजे "तू तोच ना?" असं विचारायची सोय आहे, आणि विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मैत्रिणींनो, हे वाचताना आम्ही एका ठिकाणी थांबलो. 'एकाला दुसरं समजलं' या शब्दांपाशी. कारण ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

आमच्या एका गटात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोघी होत्या. एक वरच्या आळीतली, एक मळ्यातल्या वस्तीवरची. नाव इथं सांगत नाही. वस्तीवरच्या ताई महिन्याला दीड हजाराचा हप्ता भरत होत्या, वेळच्या वेळी. बैठकीत गडबड, पोरं रडतायत, कुणाला बस गाठायचीय. सचिवांनी नाव पुकारलं, आम्ही वहीत लिहिलं. तीन महिने त्यांचा हप्ता आळीतल्या ताईंच्या पानावर चढला. आळीतल्या ताईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी पासबुक उघडून बघितलं नाही. चौथ्या महिन्यात आम्ही सगळ्यांसमोर थकबाकीची यादी वाचली. वस्तीवरच्या ताईंचं नाव पहिलं.

त्या उठून म्हणाल्या, "मी भरलेत. एकदा नोंद बघा." आणि आम्ही काय म्हणालो माहिती आहे? "ताई, वहीत नाही म्हणजे नाही. बसा खाली." आमच्या पुढ्यात वही होती. पान उलटून बघायला दोन मिनिटं लागली असती. बघितलं नाही.

त्यापुढचं सांगायला जड जातं. ही गोष्ट त्यांच्या घरी गेली. साडेचार हजार रुपये कुठं गेले, हे घरच्यांनी त्यांना विचारलं. कसं विचारलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्या दोन बैठकांना आल्या नाहीत. आम्ही समजलो, पैसे नाहीत म्हणून तोंड चुकवतात. वर्षाचा हिशोब तपासताना आळीतल्या ताईंच्या पानावर तीन हप्ते जास्त दिसले, तेव्हा आमचे डोळे उघडले.

आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. घरातल्या माणसांसमोर सांगितलं, चूक आमची आहे, ताईंनी पै न पै भरली आहे. मग बैठकीतही सगळ्यांसमोर सांगितलं, कारण यादी सगळ्यांसमोर वाचली होती. त्या परत आल्या. पण एक वाक्य बोलल्या, ते अजून टोचतं. म्हणाल्या, "पैशाचं काही नाही. मी बघा म्हणलं तेव्हा तुम्ही बघितलं नाही."

त्या ओहायोच्या पडद्यावर दोन ठिपके होते, आमच्या वहीत दोन नावं होती. आमच्याकडं कुणाचा जीव गेला नाही, पण एका बाईची घरातली पत गेली. आणि आपल्यापैकी कितीजणींनी ती पत गटातल्या शंभर-शंभर रुपयांनी उभी केलेली असते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता आमच्या गटांत काही गोष्टी बदलल्या आहेत. त्या आम्ही थेट या आकाशातल्या लोकांकडून उचलल्या, सांगायला लाज नाही.

नुसतं नाव पुकारायचं नाही. पासबुकाचा नंबरही पुकारायचा. सारखी नावं असतील तर वस्तीचं किंवा आळीचं नावही.

पैसे देणारीनं रक्कम मोठ्यानं सांगायची, लिहिणारीनं ती परत म्हणायची, आणि मगच लिहायची. "एक हजार पाचशे, पासबुक चौदा." "एक हजार पाचशे, पासबुक एक चार. लिहिलं." सुरुवातीला पोरी हसायच्या. म्हणायच्या, हे काय शाळेतल्या पाढ्यांसारखं! आता अशी सवय झालीय, की परत म्हटलं नाही तर देणारीच विचारते, "ऐकलं का नाही?"

कुणी "थांबा, बघा" म्हटलं, की थांबायचं. म्हणणारी सगळ्यात नवी सभासद असो, नाहीतर सगळ्यात गरीब. बस चुकली तर चुकली. विमानात रेडिओ बंद पडला तर उडी रद्द होते, मग आपल्याला दोन मिनिटं थांबायला काय झालं?

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची. ढगातून उडी नाही. म्हणजे काय? ज्या कागदात काय लिहिलंय ते कळत नाही, त्यावर सही नाही, अंगठा नाही. कागद बँकेचा असो, फायनान्सवाल्याचा असो, जमिनीच्या वाटणीचा असो, भाऊ-दिराचा असो. समोरचा म्हणेल, "सगळं बरोबर आहे, मी बघितलंय, तुम्ही फक्त इथं अंगठा करा." तो खोटारडाच असेल असं नाही. ईरी सरोवराचा तो नियंत्रकही खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की ठिपका तोच आहे. पण त्याच्या बघण्यावर उडी मारणाऱ्यांचं बघणं भागलं नाही. म्हणून म्हणायचं, "आधी वाचून दाखवा. मग मी परत म्हणून दाखवते, काय समजलं ते. मग अंगठा." वाचता येत नसेल तर ज्याच्यावर भरवसा आहे, पण ज्याचा त्या कागदात वाटा नाही, अशा माणसाकडून वाचून घ्या. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

आजी, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्या दुसऱ्या इमानवाल्याला कोण सांगतं? उडीचं विमान चालवणारा नियंत्रकाला सांगतो, नियंत्रक दुसऱ्या विमानाला सांगतो, दुसरा ऐकून परत म्हणतो. मग दार उघडतं, आणि नऊवारी नेसलेली बाई बिनघोर उडी मारते. धाडस तिचं असतंच, त्यात वाद नाही. पण तिच्या उडीपाठीमागं सांगणारी, ऐकणारी आणि परत विचारणारी कितीतरी माणसं असतात. ती व्हिडिओत दिसत नाहीत एवढंच.

पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. हप्ता देताना रक्कम मोठ्यानं सांगा, आणि लिहिणारीला परत म्हणायला लावा. ती नाही म्हणाली, तर सांगा, रेडिओवर सांगितलंय.

आज इथंच थांबतो. नमस्कार.